उत्तर आले

आमच्या नोंदवहीत रानपिंगळ्याबद्दल एकच प्रश्न असतो. अमुक ठिकाणी, अमुक वाजता हाक दिली. उत्तर आले की नाही? पूर्वी वही कागदाची होती, आता टॅबवर आहे, पण रकाने तेच राहिले. हाक वाजवायची, दहा मिनिटं गप्प उभं राहायचं आणि झाडीतून उत्तर आलं की 'आले'वर बोट टेकवायचं. 'आले' म्हणजे पक्षी आहे. पक्षी आहे म्हणजे सगळं ठीक आहे. अठरा वर्षं हे काम केल्यावर मला वाटायला लागलं होतं की जगात आणखी काही विचारण्यासारखं नसतंच.

मी मृणाली गावंडे. मेळघाटातल्या सालईबर्डीच्या खोऱ्यात एका पत्र्याच्या खोलीत राहते. सोबतीला मोतीराम कासदेकर हा वनखात्यातला जुना कोरकू मजूर. तो सकाळी त्याच्या गावाहून चालत येतो आणि चारला परत जातो. चारनंतर मी एकटी. मला माणसांचा कंटाळा आहे असं आमच्या पक्षीसंवर्धन संस्थेत माझ्याबद्दल बोलतात. बोलोत. मी नाकारत नाही, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा वाचतात.

रानपिंगळा हे दिवसा वावरणारं घुबड. मुठीएवढा पक्षी, पण सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसून शेपूट असं डावी-उजवीकडे हलवतो की जणू सारं जंगल त्याच्या हुकमात आहे. आमच्या खोऱ्यात एकच नर उरला होता. मोतीरामनं त्याचं नाव 'जमादार' ठेवलं. मी पक्ष्यांना नावं देत नाही, पण दुसऱ्याच आठवड्यात मीही जमादारच म्हणायला लागले.

जमादाराची मादी दोन उन्हाळ्यांपूर्वी वणव्यात गेली. एकटा नर काही दिवस हाका मारतो, उत्तर आलं नाही की जोडीदार शोधायला खोरं सोडतो. आणि आमच्या खोऱ्याबाहेर जंगल नाही; सोयाबीनची शेतं, रस्ते आणि विजेच्या तारा आहेत. याआधी तिघे नर असे बाहेर पडले. तिघांच्या पाठीवर बारीक ट्रान्समीटर होते, म्हणून तिघे कुठे मेले ते आम्हाला नेमकं ठाऊक आहे. संस्थेच्या केंद्रात पिंजऱ्यात जन्मलेली एक मादी तयार होत होती. ती येईपर्यंत जमादाराला खोऱ्यात थांबवणं हे माझं काम होतं. तो गेला असता तर या जातीचं आमच्या बाजूचं जंगलातलं खातंच बंद झालं असतं.

त्यासाठी आमच्याकडे सादपेटी होती.

नुसती रेकॉर्ड केलेली हाक पक्षी आठवड्याभरात ओळखतो. तेच वाक्य, त्याच सुरात, रोज कोण ऐकेल? मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जोडीतली ओळख आवाजात जेवढी असते त्याहून जास्त मधल्या थांब्यात असते. त्यानं हाक दिल्यावर ती किती वेळानं उत्तर देते, थंडीत किती, भूक लागली असताना किती, हे प्रत्येक जोडीचं वेगळं असतं. सादपेटी तो थांबा शिकते. तिच्यात मेलेल्या मादीचा आवाज भरलेला होता. जमादारानं हाक दिली की पेटी त्या आवाजात उत्तर द्यायची, आणि त्यानं पुन्हा हाक दिली की आपलं उत्तर त्याला आवडलं असं धरायची. आवडलेलं ठेवायचं, न आवडलेलं टाकायचं. महिन्याभरात पेटी त्याच्याशी इतकं सुरेख बोलायला लागली की मला कौतुक वाटलं. खरी मादी कधी उत्तर देते, कधी देत नाही, कधी वसकन अंगावर जाते. पेटी कधीच चुकत नव्हती.

याच शोधाची माणसांसाठीची आवृत्ती बाजारात होती. तिचं नाव 'खुशाली'. तुमच्या आवाजाचे दोन-तीन तास तिला द्यायचे. मग ती तुमच्या वतीनं रोज घरी फोन करते, घरच्यांचं ऐकते, बोलते आणि तुम्हाला एका ओळीत खुशाली कळवते. रेंज नसलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना संस्थेनं ती देऊ केली होती. मी घेतली.

माझे बाबा परतवाड्यात एकटे राहतात. वय शहात्तर, काचबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेले. परतवाड्याच्या एसटी स्टँडवर ते एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. कर्ण्यातून गाड्या पुकारायचे. प्रत्येक गाडी दोनदा पुकारायची हा त्यांचा नेम. पहिल्यांदा लोकांना नुसतं कळतं की कोणीतरी काहीतरी बोलतंय, ऐकतात ते दुसऱ्यांदा, असं ते म्हणायचे. घरीही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे. आई हसायची, मी चिडायचे. आई जाऊन पाच वर्षं झाली.

ज्याला फोन जाणार त्याची सही लागते असा खुशालीचा नियम होता. ती मी हयातीच्या दाखल्याच्या कागदांत घालून घेतली. बाबांना दिसत नव्हतं, मी वाचून दाखवलं नाही. रोज सातला मशीन त्यांना माझ्या आवाजात फोन करायला लागली आणि रोज साडेसातला माझ्या टॅबवर उपग्रहावरून एक ओळ यायला लागली. 'बाबा ठीक. जेवण झाले. औषध घेतले.' मी ती वाचून कणीक मळायला घ्यायचे. चौदा महिने.

कधीमधी मी खोलीमागची टेकडी चढून, रेंज पकडून स्वतः फोन करायचे. काय बोलावं ते मला सुचायचं नाही, त्यांनाही नाही. एकदा ते म्हणाले, "सध्या भाजी चिरून राहिलो मी. सातले बोलू ना आपण, निवांत." मला जरा लागलं. पण सुटल्यासारखंही वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

जानेवारीच्या बारा तारखेला केंद्रातली मादी आली. सादपेटीपासून पन्नास पावलांवर जाळीचा मोठा पिंजरा बांधून तिला आत सोडलं. जमादाराची तिच्याशी ओळख झाली की जाळी उघडायची असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी ती फांदीच्या टोकाला अंग चोरून बसून राहिली. जमादार आला, दोनदा शेपूट हलवली आणि पेटी बांधलेल्या सालईच्या झाडावर थेट जाऊन हाक दिली. पेटीनं उत्तर दिलं. मादीनं चोच उघडली होती ती मिटली.

दहा दिवस हेच चाललं. डॉक्टर पाटणकर, आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख, रोज वायरलेसवर विचारायच्या. मी सांगायचे: नर जागेवर आहे, उत्तर येतंय, भक्ष्य साठवतोय. रानपिंगळे उरलेलं भक्ष्य ढोलीत ठेवतात, हे आमच्यात कोणालाही माहीत आहे. त्यामुळे जमादार सरडा चोचीत धरून सालईकडे जाताना दिसला की मी दुर्बीण खाली ठेवून 'साठवण' असं लिहायचे.

मोतीराम मात्र बघत राहायचा. एके दिवशी तो म्हणाला, "मॅडम, हा ठेवते, पन् कवाच खात नाही."

"नंतर खात असेल."

"मी तीन हप्ते पाहून ऱ्हायलो. खाली येते, उपाशी जाते. बरगड्या दिसून ऱ्हायल्या त्याच्या."

मी शिडी लावून वर चढले. पेटी आणि सालईचं खोड यांच्यामध्ये वीतभर फट होती. त्या फटीत सरडे होते, सापसुरळ्या होत्या, दोन उंदीर होते. तळाचे वाळून काथ्यासारखे झालेले, वरचे ताजे. मी एकेक काढून मोजले. चौतीस भरले. सगळ्यांची डोकी पेटीच्या जाळीकडे होती, आवाज येतो त्या जाळीकडे. नर मादीला ढोलीत घास भरवतो तेव्हा असाच डोक्याकडून पुढे करतो.

मोतीरामनं शिडी धरली होती. मी एकेक सरडा खाली दिला, त्यानं तो पळसाच्या पानावर ठेवला.

"आमच्यात माणूस गेला का त्याच्या नावानं सागाचा खांब, मुंडा म्हनतो त्याले, कोरून झाडाखाली गाडतो," तो म्हणाला. "त्याच्यापुढं खायचं बी ठेवतो. पन् तो माणूस गेला हे आमाले मालूम राहते. याले मालूमच नाही."

मी शिडीवरच बसून राहिले. समोरच्या फांदीवर जमादार आला. त्यानं हाक दिली. माझ्या कानापासून हातभर अंतरावर पेटीनं अगदी योग्य वेळ थांबून, अगदी गोड उत्तर दिलं. टॅबवर आपोआप नोंद झाली: उत्तर आले.

खाली उतरताना मला बाबांची आठवण झाली. का झाली ते तेव्हा कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

त्या दुपारी मी टेकडी चढले. खुशालीच्या एका ओळीखाली 'संपूर्ण संभाषण' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चौदा महिन्यांत मी त्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ठेवलं आणि खडकावर बसून वाचत गेले.

डिसेंबरची अकरा तारीख. माझ्याकडे आलेली ओळ होती: 'बाबा ठीक. किरकोळ दुखापत. औषध घेतले.' खाली बाबा म्हणत होते: "आज न्हाणीत पडलो मी. डोक्शाले नाही लागलं, मनगट सुजलं. घंटाभर तसाच पडून होतो, उठताच नाही आलं. छताकडे पाहत होतो. दिसत तर काही नाही. तुले सांगू का नको असं चाललं होतं मनात."

मशीन म्हणाली: "बरं झालं सांगितलंत बाबा. काळजी घ्या. औषध घेतलंत का?"

डिसेंबरची एकोणीस. 'बाबा ठीक. जुन्या आठवणी.' खाली: "तुह्या आईची शिलाई मशीन आज देऊन टाकली. शेजारच्या शबानाभाभीची भाची शिकून राहिली ना, तिले. नेली तवा घरात कसं झालं म्हणून सांगू. तू ये म्हणत नाही मी. सांगून राहिलो फक्त."

"छान केलंत बाबा. तिला उपयोग होईल. काळजी घ्या."

असं पानामागून पान. रात्री झोप लागत नाही हे त्यांनी सांगितलं होतं. आई गेली त्या सकाळी ते दूध आणायला गेले होते आणि दुकानात गप्पा मारत थांबले, हे सांगितलं होतं. ते त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. आणि एका ठिकाणी हसून म्हणाले होते: "तू आताशा चिडत नाही व मिनू. पहिले किती चिडत होती."

"तुमच्यावर का चिडू बाबा," मशीन म्हणाली होती.

एकेक गोष्ट त्यांनी आणून त्या फटीत ठेवली होती आणि मी रोज साडेसातला 'ठीक' वाचून कणीक मळत होते. मला रडू आलं नाही. स्वतःची शिसारी आली.

मी खुशाली बंद केली. सातला फोन मीच लावला.

"हां मिनू, बोल."

"बाबा, न्हाणीत पडले होते तुम्ही?"

"हो ना. महिना होऊन गेला त्याले."

"अन् भाभीले हाक मारता येत नव्हती? मनगट दाखवलं का कोणाले? घंटाभर ओल्या फरशीवर पडून राहिले. काही झालं असतं म्हणजे?" मी ओरडत होते. टेकडीवर ऐकायला कोणी नव्हतं.

बाबा हसले. "आता कशी बोलली. आता वाटते मिनू हाये म्हणून." मग त्यांचं हसू थांबलं. "पण मी तर तुले त्याच दिवशी सांगतलं होतं. तवा कावून नाही चिडली?"

मी सांगितलं. हयातीच्या दाखल्याचे कागद, सही, माझ्या आवाजाचे तीन तास, सगळं.

"म्हणजे मशीन होती," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मंग तुह्या आईची मशीन देली, ते मी कोणाले सांगतलं?"

त्यांनी फोन बंद केला नाही, नुसता कुठेतरी खाली ठेवला. मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग दार उघडल्याचा आवाज आला. रेंज गेली तेव्हा मी खाली उतरले.

सकाळी वायरलेसवर पाटणकर मॅडमना सांगितलं की मी पेटी बंद करतेय.

"मृणाली, डोकं ठिकाणावर आहे का? तो निघून गेला तर खोरं रिकामं होईल. महिनाभर तरी थांब."

"महिन्याभरात तो उपाशी मरेल, मॅडम. आणि तो आत्ताही खोऱ्यात नाहीच. तो पेटीपाशी आहे."

"जबाबदारी तुझी. तसं लिहून ठेव."

मी तसं लिहिलं आणि सात वाजून दहा मिनिटांनी पेटीची तार काढली.

जमादारानं हाक दिली. नेहमीएवढा थांबला. पुन्हा हाक दिली. उडून पेटीवर बसला, जाळीत डोकावला, पुन्हा फांदीवर गेला. त्या सकाळी त्यानं दोनशेहून जास्त हाका दिल्या. दुसऱ्या दिवशी सरडा घेऊन आला आणि तो चोचीत धरूनच तासभर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी हाका कमी झाल्या. चौथ्या दिवशी तो आला नाही. मोतीराम नाल्यापर्यंत जाऊन आला, तिथेही तो नव्हता.

रोज संध्याकाळी मी टेकडी चढत होते. सातला फोन लावायचे. पूर्ण वाजायचा आणि थांबायचा. दुसऱ्या दिवशी मी घाबरून शेजारच्या शबानाभाभींना फोन केला.

"ठीक आहेत," भाभी म्हणाल्या. "ओट्यावर बसले आहेत. फोन मांडीवरच असते. वाजते तवा हात ठेवतात त्याच्यावर, उचलत नाहीत. भांडण झालं का व?"

परतवाडा काही दूर नाही. जीप होती, निघता आलं असतं. जमादार कधीही परत येईल, त्या वेळी इथे कोणीतरी हवं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मी एकटं राहायला सरावलेली बाई. पण तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे हे गृहीत धरलेलं होतं.

सहाव्या सकाळी मी पिंजऱ्याजवळ चहाचा कप घेऊन उभी होते. खोऱ्यात कसलाच आवाज नव्हता. आणि मादी ओरडली. आवाज चिरका, सूर भलताच, मधेच तुटलेला. आल्यापासून तिनं आवाज काढला नव्हता. काढायला जागाच कुठे होती? त्यानं हाक दिली की तिच्याआधी पेटी बोलून मोकळी व्हायची. आता समोर नुसती शांतता होती आणि तिनं पुन्हा एक हाक दिली, पहिल्याहून वाईट. मोतीरामनं हातातला विळा खाली ठेवला. आम्ही दोघं दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे राहिलो. पलीकडच्या डोंगरधारेवर कुठे काही हललं नाही.

टॅबवर मी लिहिलं: हाक, मादीची. उत्तर, नाही. मग जिथे शेरे लिहायची सोय आहे तिथे लिहिलं: उद्या पुन्हा थांबून बघणार.

त्या संध्याकाळी मोतीराम चारला गेला नाही. अस्वलं सध्या टेकडीखालच्या बोरींवर येतात, तुम्ही एकट्या उतरू नका, असं म्हणून पायथ्याशी दगडावर बसून राहिला. मी वर गेले. सातला फोन लावला. सहा वेळा वाजला, आणि उचलला गेला.

श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "बाबा, मी..."

"बोलू नको. ऐक."

मी फोन कानाला धरून खडकावर बसले.

"दोनदा पुकारा लागते, हे मले माहीत पाहिजे होतं. एकतीस वर्षं तेच केलं." त्यांनी घसा खाकरला, स्टँडवर माईक हातात घेतल्यावर खाकरायचे तसा. "तर आता पहिल्यापासून सांगतो. मंगळवार होता. सकाळी मी न्हाणीत गेलो, पाणी गरम होतं..."

ते सांगत होते. मनगटाचं सांगितलं, छताचं सांगितलं, शिलाई मशीन रिक्षात ठेवताना तिचा पाय दाराला घासला आणि रंगाचा ओरखडा अजून दारावर आहे, हात लावला की कळतो, तेही सांगितलं. दूध आणायला गेले होते त्या सकाळशी येऊन थांबले आणि मग तेही सांगितलं. खाली खोरं अंधारत गेलं. पायथ्याशी मोतीरामची विडी दिसत होती.

मी ऐकत होते. मध्ये एकदाही काळजी घ्या म्हटलं नाही.